कुणाच्या घरी काय शिजतंय

"वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हेच," कुंपणाच्या खांबाला टेकत काकू म्हणाल्या. "सलाईन लावलं हाडांसाठी आणि हुडहुडी भरली अख्ख्या अंगाला. रात्री दोन वाजता दोन गोधड्या आणि वर ह्यांची शाल. सकाळी डॉक्टरांना फोन केला तर म्हणतात, 'पहिल्या वेळी येतो असा ताप, पॅरासिटामॉल घ्या.' येतो म्हणजे काय? पाहुणा आहे का?"

काकूंना झोलेड्रॉनिक ॲसिड दिलं होतं. हाडं ठिसूळ झाली की वर्षातून एकदा शिरेतून देतात, ५ मिलिग्रॅम. काकू कढीपत्त्याच्या निमित्ताने आल्या होत्या, पण ताप सांगितल्याशिवाय कढीपत्ता तोडणार नव्हत्या.

"काकू, तुमच्या तापाचं कारण हाडात नाही," मी म्हटलं. "रक्तात टी पेशींची एक वेगळी जात असते, तिने केलेला उद्योग आहे हा."

"टी म्हणजे चहाच्या?"

"थायमसच्या. पण चहाही येईल पुढे."

"सांग मग मास्तरीणबाई. पण नमनाला घडाभर तेल नको."

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असे, त्याआधी प्रयोगशाळेत थुंकीच्या काचपट्ट्या पाहत असे. तेव्हापासून काकूंनी माझं नाव बदलून टाकलंय.

नमन थोडकंच केलं. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. म्हातारपणी ती आक्रसते, म्हणून पूर्वी डॉक्टर तिला बिनकामाचीच समजत. १९६१ साली जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ती काढून टाकली, तेव्हा ती पिल्लं साध्या साध्या संसर्गांनी मरू लागली. टी पेशी तयार होतात त्या तिथे. पुढे कॅनबेरात झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी दाखवलं, की टी पेशीला जंतूचं प्रथिन नुसतं दिसून भागत नाही. आपल्याच शरीराच्या एका रेणूने त्या प्रथिनाचा तुकडा हातात धरून दाखवावा लागतो. त्याबद्दल १९९६ चं नोबेल मिळालं. माणसात तो रेणू म्हणजे एचएलए.

"एचएलए मला माहीत आहे," काकू लगेच म्हणाल्या. "त्या कोपऱ्यावरच्या घरातल्या पोराचं नाही का, मज्जा बदलायची होती, सख्ख्या भावाचा एचएलए जुळला नाही. आई किती रडली होती."

"तोच. एचएलएचे हजारो प्रकार आहेत. म्हणून एकाच्या टी पेशी दुसऱ्याच्या अंगात घातल्या की त्या घरच्याच माणसांवर धावून जातात. पण मी ज्यांच्याबद्दल बोलतेय त्यांना एचएलए लागतच नाही. अपारंपरिक टी पेशी म्हणतात त्यांना."

"अपारंपरिक ऊर्जा ऐकली होती. छपरावरची."

मी तिकडे दुर्लक्ष केलं. "काकू, समोरच्यांकडे आज काय केलंय?"

"मेथी. लसणाची फोडणी, आणि खोबरं नाही घातलं. कसलं घालतायत!"

"डोकावून बघितलंत?"

"मला काय गरज? वास येतो की."

"बस्स. साधी टी पेशी जंतूचा चेहरा बघते, म्हणजे त्याच्या प्रथिनाचा तुकडा. ह्या पेशींना चेहऱ्याशी कर्तव्य नाही. जंतूच्या चुलीवर काय शिजतंय, ते त्या ओळखतात."

काकूंचे डोळे चमकले. कुंपणाशी उभं राहून आयुष्यभर केलेल्या कामाला शरीरातही जागा आहे, हे त्यांना फारच पटलं.

पहिली मंडळी मेट पेशी. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की लघवी पिवळीजर्द होते ना, तो रंग ब-२ जीवनसत्त्वाचा, म्हणजे रायबोफ्लेविनचा. ते आपल्याला बनवता येत नाही. दूध, अंडी, पालेभाज्या यांतून मिळेल तेवढंच. पण टायफॉइडचा साल्मोनेला, आतड्यातला ई. कोलाय, क्षयाचा जंतू, कँडिडासारखं यीस्ट, हे सगळे ते घरी बनवतात. म्हणजे ब-२ बनवण्याचा वास आला, की समजायचं आपल्या घरात परका कुणीतरी स्वयंपाक करतोय.

"थांब," काकू म्हणाल्या. "आपणही ब-२ खातोच. मग गोळी गिळली की ह्या उठून बसणार?"

हा प्रश्न वर्गात मला कधी कुणी विचारला नव्हता. उत्तर असं, की तयार ब-२ कडे ह्या पेशी ढुंकूनही बघत नाहीत. त्या ओळखतात अर्धवट शिजलेला माल. ब-२ बनताना मध्ये एक रेणू तयार होतो. साखर जळताना मिथाइलग्लायॉक्सल नावाचं एक फुटकळ द्रव्य सुटतं, ते ह्या रेणूला चिकटलं की जे बनतं ते मेट पेशींना हवं असतं. आपण खातो तो तयार पदार्थ, अर्धवट शिजलेला माल फक्त स्वयंपाकघरातच सापडतो. गंमत म्हणजे हा माल इतका नाशवंत, की पाण्यात राहिला तर लवकरच मोडून पडतो. आपल्या पेशींमधला एमआर-१ नावाचा रेणू त्याला तेवढ्यात पकडतो, स्वतःशी रासायनिक गाठ मारून ठेवतो आणि पेशीच्या पृष्ठभागावर नेऊन दाखवतो.

हे कळलं कसं, ती गोष्ट मला भारी आवडते. एमआर-१ चं जनुक १९९५ साली सापडलं. मेट पेशींना त्याची गरज लागते हे २००३ मध्ये पॅरिसच्या गटाने दाखवलं. पण एमआर-१ च्या खोबणीत बसतं काय, ते कुणाला कळेना. खोबण अशी होती की तिथे प्रथिनाचा तुकडा बसेना, चरबीही बसेना. मेलबर्नला जेम्स मॅक्लस्की आणि जेमी रॉसजॉन यांच्या चमूने तो रेणू प्रयोगशाळेत घडवायला घेतला, तेव्हा पेशी वाढवायच्या द्रावणातलंच काहीतरी खोबणीत जाऊन बसलेलं दिसलं. तपासलं तर ते फॉलिक ॲसिडच्या विघटनातून तयार झालेलं निघालं. फॉलिक ॲसिड म्हणजे ब गटातलंच जीवनसत्त्व, गरोदरपणात गोळ्या देतात ते. त्या तुकड्याने मेट पेशी काही जाग्या होईनात. पण दिशा मिळाली. मग त्यांनी साल्मोनेला ज्यात वाढला होता ते पाणी वापरलं आणि ब-२ च्या वाटेवरचे रेणू हाती आले. हे २०१२ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. खरा नाशवंत माल कोणता, ते २०१४ मध्ये.

"आणि हे जंतू ब-२ बनवायचं सोडून का देत नाहीत?" काकूंचा सवाल.

काही बनवतच नाहीत. घसा धरवणारे स्ट्रेप्टोकोकस, लिस्टेरिया, यांच्याकडे ती कृतीच नाही, ते आयतं मिळवतात. विषाणूंची तर चूलच नसते. तरी डेंग्यू किंवा फ्लू झाला की मेट पेशी जाग्या होतात, कारण आजूबाजूच्या पेशी आरडाओरडा करतात. इंटरल्युकिन-१२ आणि १८ ही त्या ओरडण्याची नावं. तेवढं ऐकूनही त्या कामाला लागतात.

आणि ह्या काही थोड्याथोडक्या नाहीत. रक्तातल्या टी पेशींपैकी एक ते दहा टक्के मेट. यकृतात तर वीस ते चाळीस टक्क्यांपर्यंत. आतड्यातून येणारं सगळं रक्त आधी यकृतात जातं, तेव्हा तिथे ठाण मांडून बसणं शहाणपणाचंच. प्रयोगशाळेतल्या उंदरांत मात्र त्या अगदी मोजक्या असतात. इतकी वर्षं ह्यांच्याकडे दुर्लक्ष झालं त्यामागे उंदीर हेही एक कारण आहे, असं माझं आपलं मत.

"पण ह्यांना शिकवतं कोण?"

इथे मी जरा सावरून बसले, म्हणजे उभीच होते, पण आवाज सावरला. साध्या टी पेशीची परीक्षा थायमसच्या अस्तरातल्या पेशी घेतात. बहुतेक सगळ्या नापास होतात आणि नापास म्हणजे मरण. ज्या पास होतात त्या कोऱ्याच बाहेर पडतात, पहिल्यांदा जंतू दिसला की तयारीला लागतात, आणि त्यात आठवडा जातो. मेट आणि त्यांच्या चुलत बहिणी एनकेटी यांची परीक्षा अस्तर घेत नाही. शेजारी उभ्या असलेल्या, अजून स्वतःच शिकत असलेल्या पेशी घेतात. एकमेकींना एमआर-१ किंवा त्याच्यासारखाच सीडी१डी नावाचा रेणू दाखवतात. त्यात ज्यांचं जमतं त्यांच्यात पीएलझेडएफ नावाचं प्रथिन जागं होतं. २००८ साली हे सापडलं. ते जागं झालं की पेशी थायमसमधून निघतानाच तयारीची निघते. जंतू दिसला की काही तासांत इंटरफेरॉन-गॅमा नाहीतर इंटरल्युकिन-१७ सोडायला लागते, वेळ पडली तर बाधलेल्या पेशीला भोक पाडून मारते.

आणि मेट पेशींचं आणखी एक. ज्या उंदरांना जन्मापासून पूर्ण निर्जंतुक ठेवलं, त्यांच्यात ह्या पेशी जवळजवळ तयारच होत नाहीत. २०१९ मध्ये दोन गटांनी दाखवलं की आपल्या अंगावरच्या आणि आतड्यातल्या जंतूंच्या चुलीवरचा तो माल थेट थायमसपर्यंत पोचतो आणि ह्या पेशींना वाढवतो. शिवाय हे बाळपणीच व्हावं लागतं. ती वेळ टळली की मोठेपणी जंतू आणून सोडले तरी भरपाई होत नाही. त्वचेवर स्थिरावलेल्या मेट पेशी उंदरांत जखमाही लवकर भरून आणतात.

"तरी मी सुनेला सांगत होते, पोराला जरा मातीत खेळू दे."

"काकू, हे उंदरांवरचं आहे. त्यावरून सुनेला बोलू नका."

"मी कुठे बोलते? तू म्हणालीस, एवढंच सांगेन."

माझं नाव मध्ये येणार म्हटल्यावर मी घाईने एनकेटीकडे वळले. त्यांची कथा जपानची. ओकिनावाच्या समुद्रातल्या एका स्पंजातून किरिन या बिअर कंपनीच्या औषध विभागाने ट्यूमरला आळा घालणारं एक द्रव्य वेगळं केलं. पुढे त्याचं सुधारून बनवलेलं रूप आलं, अल्फा-गॅलॅक्टोसिलसेरामाइड. बोलीत सांगायचं तर साखर लावलेली चरबी. १९९७ मध्ये चिबाच्या मासारू तानिगुची यांच्या गटाने दाखवलं, की तो मघाचा सीडी१डी ही चरबी एनकेटी पेशींना दाखवतो. स्पंजाचा आणि आपला काय संबंध? पण आपल्या आतड्यातला बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिस हा जंतूही जवळपास तशीच चरबी बनवतो. माणसाच्या रक्तात ह्या पेशी फारच थोड्या, कुणाकुणात दहा हजारांत एकच.

चरबी ओळखता येते हे आधी कळलं होतं ते क्षयामुळे. इथे माझ्या जुन्या काचपट्ट्या आठवतात. थुंकी काचेवर पसरून वाळवायची, वर कार्बॉल फुक्सिनचा लाल रंग ओतायचा आणि खालून ज्योत फिरवायची. वाफ आली पाहिजे, उकळी फुटता कामा नये. मग ॲसिडने धुवायचं. बाकी सगळ्यांचा रंग वाहून जातो, क्षयाच्या जंतूचा जात नाही. वरून निळा रंग दिला की सूक्ष्मदर्शकात निळ्या चिखलात बारीक लाल काड्या दिसतात. दोन-तीन एकमेकींना चिकटलेल्या, किंचित वाकलेल्या. रंग धरून ठेवतो तो जंतूच्या अंगावरचा मेणचट थर, मायकोलिक ॲसिडचा. १९९४ मध्ये बोस्टनच्या मायकेल ब्रेनर यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, की सीडी१बी हा रेणू नेमकं तेच मेण टी पेशींना दाखवतो. प्रथिनाशिवाय टी पेशी काही बघतच नाहीत ही समजूत तिथे मोडली. मी ज्या मेणामुळे रोग ओळखत होते, त्याच मेणामुळे ह्या पेशीही ओळखत होत्या, आणि मला पत्ता नव्हता.

"आणि माझा ताप?" काकूंनी रुळावर आणलं.

ताप गॅमा-डेल्टांचा. बाकीच्या टी पेशींच्या अंगावर अल्फा आणि बीटा साखळ्यांचा ग्राहक, म्हणजे समोरचा माल ओळखणारा रेणू, असतो, ह्यांच्यावर गॅमा आणि डेल्टांचा. सापडल्या त्याही चुकूनच. १९८४ मध्ये तोनेगावा यांची एमआयटीतली माणसं अल्फाचं जनुक शोधत होती, हाती लागला गॅमा. त्याचं काम काय, तेही तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. आपल्या रक्तातली त्यांची मुख्य जात आईच्या पोटात असतानाच तयार व्हायला लागते, आणि जन्मल्यावर जंतूंशी गाठ पडत गेली की वाढते. उंदरांत ही जात नाहीच. माकडांत आहे, माणसांत आहे, आणि कसं कोण जाणे, उंटाच्या कुळातल्या अल्पाकात आहे.

ह्या ओळखतात ते फॉस्फेट लावलेले चिमुकले रेणू. कोलेस्टेरॉल आणि तसल्या पदार्थांचा कच्चा माल. आपल्या पेशींत तो एका कृतीने बनतो, बऱ्याच जंतूंत दुसऱ्या. जंतूंच्या कृतीतला रेणू आपल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटीने जोरात लागतो. हिवतापाच्या परजीवीकडेही तीच कृती आहे, कारण त्याच्या पोटात कधीकाळी गिळलेल्या शैवालाचा अवशेष शिल्लक आहे. म्हणून हिवतापाच्या रुग्णांत गॅमा-डेल्टा पेशी वाढलेल्या सापडतात.

आता तुमचं औषध. ते हाड कुरतडणाऱ्या पेशींमधलं एक एन्झाइम बंद पाडतं. ते बंद झालं की त्या पेशी लुळ्या पडतात आणि हाड वाचतं. पण रक्तातल्या मोनोसाइट पेशीही हे औषध गिळतात. त्यांच्यातही ते एन्झाइम बंद पडतं, आणि त्याच्या आधीचा कच्चा माल तुंबत जातो. हा आपलाच, घरचाच माल, एरवी इतका थोडा की कुणाचं लक्ष जाऊ नये. पण तुंबला की घमघमाट सुटतो. पेशीच्या आत तो बीटीएन३ए१ नावाच्या रेणूच्या शेपटीला चिकटतो, त्याने बाहेरच्या टोकाची ठेवण बदलते. शेजारी बीटीएन२ए१ लागतो, त्याचा हात २०२० मध्ये मेलबर्नलाच उघड झाला. गॅमा-डेल्टांना वाटतं जंतू आला. त्या टीएनएफ आणि इंटरफेरॉन ओततात, आणि तुम्ही गोधडीत.

"म्हणजे चोर नसताना आरडाओरडा."

"हो. पण तीनेक दिवसांत शांत होतं, आणि पुढच्या वर्षी बहुतेकांना इतका त्रास होत नाही. पाणी भरपूर प्या आणि आधी पॅरासिटामॉल घ्यायची का, ते डॉक्टरांना विचारा. तापाला भिऊन औषध सोडू नका. मांडीचं हाड मोडलं तर काय होतं ते तुम्ही तुमच्या नणंदेचं बघितलंय."

नणंदेचा विषय निघाला की काकू एरवी अर्धा तास थांबत नाहीत. आज थांबल्या, कारण चहा राहिला होता.

चहात थिॲनिन असतं. पोटात त्याचं इथाइलअमाइन होतं, आणि ते थोडंफार तुमच्या औषधासारखंच एन्झाइम अडवतं. २००३ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी काही लोकांना रोज काळा चहा दिला, काहींना कॉफी. चहावाल्यांच्या पेशी जंतू दाखवल्यावर जास्त इंटरफेरॉन सोडायला लागल्या. माणसं अगदी मोजकी होती, त्यामुळे मी त्यावर फार विसंबणार नाही.

"तू नको विसंबूस. मी ह्यांना सांगणार आहे. दिवसातून चार वेळा चहा मागते म्हणून कटकट करतात."

मग मी मूळ मुद्द्यावर आले, ज्यासाठी जगभर ह्या पेशींमागे पैसा लागलाय. एचएलए माणसागणिक वेगळा, पण एमआर-१ तुमचा, माझा, समोरच्यांचा जवळजवळ एकच. सीडी१डी तसाच. त्यामुळे ह्या पेशी एकाच्या काढून दुसऱ्याला दिल्या तर घरच्यांवर धावून जायची भीती फार कमी. अर्ध्याच जुळणाऱ्या आईबापांची मज्जा मुलांना देताना आता काही ठिकाणी अल्फा-बीटा पेशी गाळून टाकतात आणि गॅमा-डेल्टा राहू देतात. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेजात न्यूरोब्लास्टोमा झालेल्या मुलांच्याच एनकेटी पेशी काढून, त्यांना कॅन्सर ओळखणारा नवा ग्राहक बसवून परत दिल्या. पुढचं पाऊल म्हणजे निरोगी दात्याच्या पेशी आधीच तयार करून फ्रीझरमध्ये ठेवायच्या आणि लागेल त्याला द्यायच्या. चाचण्या चालू आहेत. सगळंच गोड नाही. उंदरांमध्ये ह्याच पेशींनी सोरायसिससारखा दाह वाढवल्याचं दिसलंय, काही ट्यूमरना तर त्यांचं इंटरल्युकिन-१७ मानवतं. पण त्या कोपऱ्यावरच्या पोराच्या वेळी हे असतं तर, असं मनात येतंच.

काकू गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मग दात्याचं काय? माझ्या घेतील का पेशी?"

"वय वाढलं की मेट पेशी कमी होत जातात, काकू. दाता तरुण, धडधाकट बघतात."

"मग समोरच्यांचा धाकटा आहे की. चोवीस वर्षांचा घोडा, दिवसभर मोबाइल घेऊन पडलेला असतो. संध्याकाळी त्याच्या आईला सांगते, कामाला लाव म्हणावं, काही नाही तर पेशी तरी देईल." आणि कढीपत्त्याची अख्खी फांदीच मोडून त्या समोरच्या फाटकाकडे निघाल्यासुद्धा.